रॅम वाढवली, तरी सर्व्हर गुदमरतोय? या चुका टाळा

लिनक्स सर्व्हर ६४ जीबीवरून १२८ जीबीवर नेला आणि आठवड्याभरात ओओएम किलरने (मेमरी संपली की चालू प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसेस, बंद पाडणारी लिनक्सची यंत्रणा) डेटाबेसच मारला. अशा वेळी पहिला संशय मेमरी लीकवर, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणाऱ्या प्रोग्रॅमवर जातो. माझाही गेला होता आणि दोन रात्री लॉग चाळण्यात गेल्या. उत्तर होतं मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या प्रॉक-मेमइन्फो या फाइलमधल्या ‘पेजटेबल्स’ या एका ओळीत. रॅम वाढवल्यावर ही ओळ न बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीच्या प्रत्येक ४ केबीच्या तुकड्याची, म्हणजे पानाची, ८ बाइटची नोंद ठेवतो; ‘पेजटेबल्स’ म्हणजे याच नोंदी. पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर (त्याच्या सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) ३२ जीबी असतील, तर ते सगळे हाताळणाऱ्या एका प्रोसेसच्या नोंदींनाच ६४ एमबी लागते. तिथे प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, आणि प्रत्येकीची नोंदवहीही वेगळी. अशी ५०० कनेक्शनं दिवसभर उघडी राहिली की नुसत्या नोंदी ३१ जीबीवर जातात. माल ३२ जीबीचा आणि त्याचा हिशेब ३१ जीबीचा!

यावर औषध म्हणजे २ एमबीची मोठी पानं, ह्यूज पेजेस. त्याच ३२ जीबीला १६,३८४ पानं पुरतात. पण एवढाच आकडा टाकून थांबू नका. शेअर्ड मेमरी बफरपेक्षा थोडी जास्तच लागते. चालत्या सर्व्हरवर पानं मागितली, तर सलग जागा सापडेल तेवढीच कर्नल देतो आणि बाकीची न देता गप्प बसतो. म्हणून ती बूट होतानाच राखून ठेवा आणि मेमइन्फोमधली ‘ह्यूजपेजेस टोटल’ ही ओळ तपासा.

याहून घातक म्हणजे पोस्टग्रेसमधलं ह्यूज पेजेसचं सेटिंग ‘ट्राय’वर तसंच सोडणं. पानं कमी पडली की डेटाबेस गुपचूप छोट्या पानांवर चालू होतो. राखीव जागा तशीच अडकून पडते, वर आणखी ३२ जीबी जाते. मी ते नेहमी ‘ऑन’ करतो. काही कमी पडलं तर डेटाबेस सुरूच होत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते.

डिस्कवर लिहायच्या डेटाची मर्यादा टक्क्यांत ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. ही मर्यादा म्हणजे ‘डर्टी रेशो’, तो मुळात २० टक्के असतो. १०० जीबी मेमरी उपलब्ध असेल तर २० जीबी डेटा रॅममध्ये साचू शकतो. सेकंदाला २०० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला तो उतरवायला १०० सेकंद लागतात, आणि तोवर लिहिणाऱ्या प्रोसेस खोळंबतात. त्याऐवजी ‘डर्टी बाइट्स’मध्ये ठराविक आकडा द्या.

कुठे अजून ३२ बिटचं जुनं लिनक्स चालू असेल, तर तिथे रॅमवर पैसे घालू नका. पीएईमुळे (३२ बिटवर जास्त रॅम वापरू देणारी सोय) ६४ जीबीपर्यंत रॅम दिसते, पण नेहमीच्या विभागणीत कर्नलच्या थेट हाताशी ८९६ एमबीच असते. ६४ जीबीमधल्या पानांच्या ३२-३२ बाइटच्या नोंदीच त्यातली ५१२ एमबी खातात. वर कितीही जीबी मोकळी दिसली, तरी ‘लोफ्री’ (या ८९६ एमबीतली मोकळी जागा) तळाला गेली की ओओएम किलर येणारच. अशा मशीनवर आधी ६४ बिट कर्नल टाका, रॅमची ऑर्डर नंतर.