सर्ज प्रोटेक्टर लावला आणि आरसीसीबी पडायला लागला? या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो. आरसीसीबी (करंट कुठे गळत असेल तर लाईट तोडणारा सेफ्टी स्विच) सारखा पडतो, म्हणजे ट्रिप होतो, म्हणून वायरमनला बोलवून तो बायपास करणं, नाहीतर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा काढून ३०० चा बसवणं. प्लीज हे करू नका. ३० वाला माणसाचा जीव वाचवायला असतो, ३०० वाला आगीपासून बचावासाठी, शॉक लागलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

आरसीसीबी एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. ओव्हरलोडशी त्याचं देणंघेणं नाही, ते काम एमसीबीचं. आणि ३० लिहिलंय म्हणजे ३० लाच पडेल असं नाही, तो १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो आणि ते स्टँडर्डला धरूनच आहे.

आता स्पाइक गार्ड, म्हणजे प्लगला लावायचा सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या आत एमओव्ही नावाची चपटी गोल चकती असते, बऱ्याचदा निळी. फेज आणि अर्थच्या मध्ये अशी चकती असेल तर जास्तीचा व्होल्टेज आला की ती तो करंट अर्थिंगला सोडते, म्हणजे आरसीसीबीच्या दृष्टीने ती गळतीच झाली. प्रत्येक मोठ्या झटक्याने ती थोडी थोडी झिजते आणि मग एरवीही गळायला लागते. त्यात कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडी गळती कायम असतेच, एकेकट्याची काही वाटत नाही पण सगळं एकाच आरसीसीबीवर असेल तर बेरीज होते. कायमची गळती आरसीसीबीवर लिहिलेल्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत ठेवावी. त्यापुढे जात असेल तर सर्किट वेगळी करून प्रत्येकाला आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) लावणं हाच खरा उपाय, खर्च होतो पण एक बिघडलं म्हणून अख्खं घर अंधारात जात नाही.

ट्रान्सफॉर्मरवाल्या वस्तूंचं, म्हणजे स्टॅबिलायझर, जुना अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर यांचं वेगळं असतं. चालू करताना क्षणभर नेहमीच्या दसपट किंवा त्याहून जास्त करंट ओढला जातो, त्या धक्क्याने काही आरसीसीबी गळती नसतानाही चुकून पडतात. फक्त ऑन करतानाच पडतो आणि नंतर दिवसभर टिकतो, तर हाच संशय घ्या. लाईट गेली की सगळे स्विच बंद करा आणि आल्यावर एकेक चालू करा, खूप फरक पडतो. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल घराच्या दुसऱ्या न्यूट्रलला जोडला तर मात्र आरसीसीबी पडणारच, ती वायरिंगची चूक, आरसीसीबी बदलून सुटणार नाही.

शोधताना लोक बोर्डवरचा स्विच बंद करतात आणि म्हणतात ही वस्तू नाही. पण आपल्याकडचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि आत न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर बंद स्विचवरही आरसीसीबी पडतो. म्हणून प्लग काढा, पूर्ण काढा, स्पाइक गार्डसुद्धा, आणि मग एकेक लावत जा. आणि अर्थची पिन तोडून ट्रिपिंग थांबवणं अजिबात नको, गळती तशीच राहते आणि ती जायला मग तुमचा हात सापडतो.

पाऊस-वीज असतानाच पडत असेल तर डीबीतला (घराच्या मुख्य बोर्डातला) एसपीडी, म्हणजे अख्ख्या घराचा सर्ज प्रोटेक्टर, आरसीसीबीच्या पुढे बसलाय का मागे, ते बघून घ्या. तो मीटरकडच्या बाजूला असेल तर विजेचा झटका आरसीसीबीतून न जाता बाहेरच अर्थ होतो. फक्त तिथे बसवताना न्यूट्रल-अर्थची जोडणी अर्थिंग सिस्टीमप्रमाणे वेगळी असते, ती माहीत असलेल्या माणसाकडूनच करा.

सगळे प्लग काढूनही पडत असेल तर मेगर (वायरिंगच्या इन्सुलेशनची चाचणी) करून घ्या, आणि तेव्हा एसपीडी सुटा करायला आठवणीने सांगा, कारण ५०० व्होल्टला एमओव्ही स्वतःच वाहायला लागतो आणि चांगली वायरिंगही खराब दिसते.