बोलताना जीभ कशी हलते, ते सोनोग्राफीत पाहायचं असेल तर

मी वाचा-उपचार करते. ‘काळ’चा ‘काल’ करणाऱ्या मुलाला त्याचीच जीभ पडद्यावर दिसली की समजावणं फार सोपं होतं.

आधी कायद्याचं: गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र आपल्या मर्जीने घेऊन बसता येत नाही. नोंदणीकृत केंद्रात, तिथल्या डॉक्टरांसोबतच हे करा.

बाकदार प्रोब (यंत्राचा अंगाला टेकवायचा भाग) भरपूर जेल लावून हनुवटीखाली, बरोबर मध्यरेषेत धरा. पडद्यावर दोन काळ्या सावल्या दिसतील: एका बाजूला जबड्याचं हाड, दुसऱ्या बाजूला कंठास्थी. त्यांच्यामधली चमकदार पांढरी रेघ म्हणजे जिभेचा वरचा पृष्ठभाग. त्यावर हवा असल्याने ध्वनिलहरी तिथूनच परततात. टाळू म्हणूनच एरवी दिसत नाही. पाण्याचा घोट गिळायला सांगा, क्षणभर दिसेल.

खरी मेहनत सेटिंगची. पोटाच्या तपासणीचं सेटिंग स्थिर चित्रासाठी असतं. त्यातलं ‘पर्सिस्टन्स’ आधी बंद करा; ते लागोपाठच्या फ्रेम मिसळतं आणि नेमकी हालचालच पुसली जाते. चित्राची खोली आठ-नऊ सेंटिमीटरवर आणा, चित्राचा कोन कमी करा, फोकस एकच ठेवा. फ्रेमचा वेग वाढतो. सेकंदाला तीस फ्रेम माझ्या मते अपुऱ्या. साठच्या पुढे जा.

प्रोब दाबू नका, जबडा अडतो. डोकं भिंतीला टेकवा.

मग ‘काल’, ‘काळ’ आलटून पालटून म्हणवून घ्या. ‘ळ’ला जिभेचं टोक वर वळतं, खाली हवा येते आणि टोक दिसेनासं होतं. तेव्हा टोक शोधत बसू नका, मधल्या भागाचा आकार पाहा.