स्पॅम फिल्टर लावण्याआधी: रिझॉल्व्हर, रिझॉल्व्हर आणि मग बाकीचं

पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) चालू आहे, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कुठे यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) बरोबर आहे, जुन्या कॉन्फिगची कॉपी काढलीय, हे धरून चालतो. आता बाकी सगळं बाजूला ठेवा आणि सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणारा प्रोग्रॅम, बसवा. अनबाउंड नावाचा पुरतो. कोणता रिझॉल्व्हर वापरायचा ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये १२७.०.०.१ (हाच सर्व्हर) हवं, ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर) नको. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं तर स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणारं स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा एरर कोड देतं. पोस्टफिक्सला आपण नुसतं स्पॅमहाउसच्या झेन यादीचं नाव दिलेलं असतं, त्यामुळे कुठलंही उत्तर आलं की पाठवणारा यादीत आहे असं तो समजतो आणि येणारी प्रत्येक मेल ५५४ (नकाराचा कोड) देऊन परत पाठवतो. बँकेची, गिऱ्हाइकांची, सीएची, सगळ्यांची. मागच्या वेळी माझ्याकडे हेच चाललं होतं आणि मी फिल्टरवर खूश होतो.

म्हणून यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं मान्य करा. अनबाउंड बसवून तोच ८.८.८.८ कडे फॉरवर्ड केला असेल तर केलं न केलं सारखंच. आणि रीबूट करून रिझॉल्व्ह.कॉन्फ परत उघडा, डीएचसीपी ती फाइल गुपचूप बदलतो. मग डिग या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने झेन यादी तपासा: १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता यादीत दिसायलाच हवा, १२७.०.०.१ दिसता कामा नये. कंटाळा आला तरी तपासा.

व्हाइटलिस्ट, म्हणजे ज्यांच्या मेल अडवायच्या नाहीत त्यांची यादी. पोस्टफिक्समध्ये ती रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशनच्या (परक्या डोमेनसाठीची मेल नाकारणारा नियम) नंतर आणि आरबीएलच्या (झेनसारख्या काळ्या यादीची तपासणी) आधी. वर चढवलीत तर जुन्या कॉन्फिगमध्ये ओपन रिलेचं, म्हणजे कोणीही तुमच्या सर्व्हरमार्फत कुठेही मेल पाठवण्याचं, दार उघडतं. यादीची फाइल बदलली की पोस्टमॅप कमांड चालवा. स्पॅमअसॅसिनमध्ये (मेलला स्पॅमचे गुण देणारा फिल्टर) व्हाइटलिस्ट_फ्रॉम वापरू नका, फ्रॉममध्ये कोणीही काहीही लिहू शकतो. व्हाइटलिस्ट_ऑथ वापरा, ते एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या पद्धती) पास झाल्याशिवाय सूट देत नाही. आवृत्ती ४ पासून त्याचं नाव वेलकमलिस्ट_ऑथ आहे. ‘आपल्याच लोकांच्या मेल अडकायला नकोत’ म्हणून स्वतःचं डोमेन फ्रॉमच्या यादीत टाकणारे भेटतात. स्पॅमर सगळ्यात आधी तेच नाव लावून येतात!

स्पॅमअसॅसिनची ५ गुणांची मर्यादा आहे तशी राहू द्या. त्याचा बेझ (नमुन्यांवरून शिकणारा भाग) २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवल्याशिवाय बोलत नाही, आणि शिकवायचं ते अमाविस (पोस्टफिक्सची मेल स्पॅमअसॅसिनकडून तपासून घेणारा प्रोग्रॅम) ज्या युजरखाली चालतो त्या युजरने. रूटने शिकवलेलं वाया जातं.

पहिला आठवडा आरबीएलच्या ओळीआधी वॉर्न_इफ_रिजेक्ट. मेल अडत नाहीत, लॉगमध्ये नोंद होते. ती नोंद रोज वाचा. सगळेच पाठवणारे अडताना दिसले तर परत रिझॉल्व्हर.

ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल पहिल्यांदा परतवून पुन्हा पाठवायला लावणं) नको, ओटीपी उशिरा येतात. क्वारंटाइन (अडवलेल्या मेलचा साठा) कोण बघणार त्याचं नाव ठरवा. लॉग फुगू नयेत म्हणून लॉगरोटेट लावा. आठवड्यानंतर वॉर्न_इफ_रिजेक्ट काढा. शेवटी बाहेरच्या खात्यावरून जीट्यूबची (स्पॅम फिल्टर तपासण्यासाठी ठरलेली) ओळ घालून मेल पाठवा, ती अडकली पाहिजे. मग एक साधी मेल पाठवा. ती आली पाहिजे. ही दुसरी चाचणी कोणी करत नाही.