‘अंतरा’चा पुढचा डोस चुकू नये म्हणून: पाहणी कशी करावी, फोन कसा वापरावा

इंदुरात पालदा किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांलगतच्या वस्त्यांत झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून मजुरीला आलेली कुटुंबं राहतात. तिथे ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनबाबत काम करू पाहणारी आपली महिला मंडळं आणि समाजकार्याचे विद्यार्थी पुष्कळदा आधी ॲप बनवायला घेतात. तसं करू नका. फोन बाईच्या हातात कधी आणि कुणासमोर येतो, हे कळल्याशिवाय त्यात काय घालायचं ते ठरवता येत नाही.

पाहणीसाठी प्रश्न एकच घ्या: अंतराचं पहिलं इंजेक्शन घेतलेल्या बायका दुसऱ्याला का येत नाहीत? हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, त्यामुळे चूक कुठे होते ते नेमकं शोधता येतं. नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि वस्तीतल्या आशा कार्यकर्तीला सुरुवातीपासून सोबत ठेवा. १८ वर्षांखालील मुलींना पाहणीत घेऊ नका. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने अशा मुलीच्या शरीरसंबंधांची माहिती कळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं आणि गुप्ततेचा शब्द मोडतो.

फॉर्म कोबोटूलबॉक्सवर, म्हणजे फोनवरून माहिती गोळा करायच्या साधनावर बनवा. तो मोफत आहे आणि रेंज नसली तरी भरता येतो. प्रश्न पंधराच्या आत ठेवा, भाषा वस्तीतली, म्हणजे हिंदी किंवा बारेली ही तिकडची आदिवासी बोली. फॉर्मात नाव नको, फक्त संकेतांक. नाव आणि फोन नंबर वेगळ्या वहीत, कुलपात. ‘परिवार नियोजन करता का’ असं विचारलं की ऑपरेशन न झालेल्या बायका सरळ ‘नाही’ म्हणतात. त्यापेक्षा एका ताटलीत माला-एन आणि छाया या गोळ्या, निरोध, तांबी आणि अंतराची रिकामी कुपी ठेवून ‘यातलं काय पाहिलंय, काय वापरलंय’ असं विचारा; बाई बोटाने दाखवते.

सकाळी अकराला वस्तीत गेलात तर कामावर न जाणाऱ्याच बायका भेटतील आणि निष्कर्ष तिथेच वाकडा होईल. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जा, दोघीदोघींनी. सासू येऊन बसली तर फॉर्म थांबवून नळाच्या पाण्याचे, लसीकरणाचे प्रश्न सुरू करायचे. हे प्रश्न आधीच त्याच फॉर्मात घालून ठेवा. फोनबद्दल मात्र सविस्तर विचारा: फोन कुणाचा, बटणाचा की टचचा, दिवसात तिच्या हातात किती वाजता असतो, रिचार्ज कोण करतं, गावी गेल्यावर नंबर बदलतो का.

आता तारखांचा तक्ता. शंभरेक बायकांसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. इंजेक्शनच्या तारखेत ९१ दिवस मिळवा, ती ठरलेली तारीख. डोस दोन आठवडे आधी आणि चार आठवडे उशिरापर्यंत देता येतो, म्हणून शेजारच्या रकान्यांत ७७ आणि ११९ दिवसांच्या तारखाही काढा. या मुदतीचा खरा उपयोग भगोऱ्याला, म्हणजे होळीआधी गावाकडे भरणाऱ्या आदिवासी जत्रांच्या वेळी होतो. होळीच्या आधी वस्ती रिकामी होते. ज्यांची तारीख त्या आठवड्यांत पडते त्यांना गावी निघण्यापूर्वीच डोस मिळेल असं बघा. ११९ दिवस उलटले असतील तर घरी पाठवू नका. गर्भ नाही याची खात्री करून दवाखान्यात इंजेक्शन देतात.

आठवण आवाजी फोनने करा, तीही तिने सांगितलेल्या वेळी. मजकूर असा, की फोन नवऱ्याने उचलला तरी काही उघड होऊ नये: ‘दीदी, आपके कार्ड की तारीख सोमवार को है।’ व्हॉट्सॲप ग्रुप बनवू नका. त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. यंत्राने एकगठ्ठा संदेश पाठवायचे झाले तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या संदेश-नोंदणीच्या यंत्रणेवर नोंदणी लागते, त्यात वेळ जातो. शंभरापर्यंत आशा कार्यकर्तीचा स्वतःचा फोनच बरा, कारण तिचा आवाज ओळखीचा असतो.

मात्र नुसत्या तारखेच्या आठवणीने काम भागत नाही. बायका इंजेक्शन सोडतात ते बहुतेक पाळीच्या बदलामुळे. पहिल्या महिन्यांत अधूनमधून डाग पडतात, कधी जास्त दिवस रक्त जातं, पुढे पाळी थांबते आणि ‘दिवस तर गेले नाहीत ना’ ही भीती बसते. हे डोस देण्याआधी सांगायला हवं, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एक फोन फक्त याच चौकशीसाठी हवा. रक्तस्राव नेहमीच्या पाळीच्या दुप्पट किंवा आठ दिवसांहून जास्त असेल तर डॉक्टरांकडे न्या. पुन्हा मूल होईल का, हे विचारायला त्या लाजतात. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सात ते दहा महिन्यांनी गर्भधारणा होऊ शकते हे आपणहून सांगा. आणि जिला खरोखर नको असेल तिला थांबू द्या, दुसरी साधनं दाखवा. आठवणीचा फोन म्हणजे दबाव नव्हे.

यश किती फोन केले त्यावर मोजू नका. या महिन्यात जितक्या जणींची मुदत संपली, त्यांपैकी किती जणींना मुदतीत डोस मिळाला, एवढंच पाहा आणि दवाखान्याच्या रजिस्टरशी ताडून घ्या. फोन लावण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात साठा आहे का ते विचारा. दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकाम्या हाती परतली, तर पुढच्या वेळी ती फोन उचलत नाही.