इव्हान म्हणजेच जॉन: युरोपातली नावं सोलायची कशी

कॉलेजात युरोपच्या इतिहासाच्या नोट्स काढताना स्पेनचा राजा पहिला कार्लोस वेगळा आणि जर्मन सम्राट पाचवा कार्ल वेगळा असं धरून मी दोघांची मस्त दोन पानं भरली होती, मग कळलं की 1500 साली गेंटला जन्मलेला हा एकच माणूस, इंग्रजीत चार्ल्स, डचमध्ये कारेल. तेव्हापासून नाव दिसलं की आधी सोलून बघतो.

पहिलं म्हणजे स्वर सोडा, व्यंजनं बघा. त्यातही इंग्रजी J हे अक्षर फार फसवतं, कारण जर्मन, डच, पोलिश लोक त्याला य म्हणतात, फ्रेंच झ आणि स्पॅनिशवाले घशातून ख. आता जॉनच घ्या. मूळ हिब्रू योहानान, म्हणजे देवाची कृपा झाली असं काहीसं, त्याचं लॅटिनमध्ये योहानेस, आणि तिथून मग जर्मन योहान, पोलिश यान, फ्रेंच झाँ, स्पॅनिश ख्वान, इटालियन जोव्हान्नी, रशियन इव्हान, हंगेरियन यानोश, आयरिश शॉन. पोर्तुगीज झ्वांव तर आपल्या गोव्यातच आहे, 24 जूनला पोरं विहिरीत उड्या मारतात तो सांजांव म्हणजे हाच, बाप्तिस्मा देणारा संत जॉन.

दुसरं, नावाचं डोकं उडालंय का बघा. आपण दामोदरचा दामू करतो, म्हणजे पुढचा तुकडा ठेवतो. जर्मनांनी योहानेसचं शेपूट ठेवलं, झाला हान्स! आयरिश लियाम पण तसाच, विल्यमचं शेपूट.

विल्यमवरून आठवलं, व च्या जागी ग आलाय का तेही बघायचं. जर्मन विल्हेल्म (इच्छाशक्ती आणि शिरस्त्राण असे दोन शब्द जोडलेत) फ्रेंचमध्ये गियोम होतो, स्पॅनिशमध्ये गियेर्मो. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या बोलीत मात्र व टिकला होता आणि 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा तिथलाच, म्हणून इंग्रजीत विल्यम.

आणि आपल्याकडे जुनी माणसं स्टेशनला इस्टेशन म्हणायची ना, स्पॅनिश लोकांचं अगदी तेच, सुरुवातीलाच स्ट आला की पुढे ए लावतात, त्यामुळे स्टीफनचा एस्तेबान. फ्रेंचांनी तर पुढे जाऊन तो स पण खाल्ला आणि एत्येन केलं, सांगितल्याशिवाय कोणाला कळणार?

खात्री करायची असेल तर पोप बघा, त्यांचं नाव प्रत्येक भाषेत बदलून लिहितात. विकिपीडियावर दुसऱ्या जॉन पॉलचं पान उघडून भाषा बदलत जा, पोलिशमध्ये यान पावेऊ, इटालियनमध्ये जोव्हान्नी पाओलो, स्पॅनिशमध्ये ख्वान पाब्लो.

फक्त आंद्रेआपासून सांभाळून. जर्मनीत ती बाई, इटलीत सहसा पुरुष. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मर्द, आणि मी एका इटालियन आंद्रेआला तीन मेल डिअर मॅडम लिहून पाठवले होते, त्याने बिचाऱ्याने तिसऱ्याला उत्तर देताना खाली सहीत मिस्टर टाकलं.