मृत्युपत्राने घर भावंडांच्या नावावर: बेळगाव भागात कागद कसे करायचे

सगळ्यात आधी घर नेमकं कुणाचं होतं ते बघा. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल तर ते हव्या त्या मुलाला देता येतं. पण खानापूर, निपाणी भागातली गावठाणातली बरीच घरं एकत्र कुटुंबाची, वाटणी न झालेली असतात. तिथे मृत्युपत्र चालतं ते वडिलांच्या हिश्शापुरतंच. कर्नाटकाने 1994 साली मुलींना जन्मापासून वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने त्याही आल्या. म्हणून बहिणीला ‘दिल्या घरची’ समजून एकत्र कुटुंबाचं अख्खं घर भावांना लिहून दिलं, तर ते मृत्युपत्र कोर्टात अडकणारच.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनीही लिहून देणाऱ्यासमोर सही केलेली हवी. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. मूळ कागद हरवला तरी मरण दाखला दाखवून सब-रजिस्ट्रार ऑफिसातून नक्कल मिळते. बेळगावच्या घराला कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही. मात्र वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं, त्यामुळे वडिलांच्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेऊ नका.

नावं चढवायला मरण दाखला, मृत्युपत्र, वंशावळ, घराचा उतारा, बोजाचा दाखला (घरावर कर्ज-गहाण आहे का ते दाखवणारा), चालू घरपट्टीची पावती आणि सगळ्यांचे आधार काढून ठेवा. वंशावळीसाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे खरी अडचण होते ती नावांची. 1956 पूर्वीची खरेदीखतं मराठीत, काही तर मोडीत. त्यानंतरचे उतारे कानडीत. एका कागदावर बाळू, दुसऱ्यावर बाळकृष्ण, तिसऱ्यावर आडनावच नाही. अर्ज देण्याआधीच ‘ही एकाच व्यक्तीची नावं’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि जुन्या कागदांचं कानडी भाषांतर जोडा.

शहरात दोन ठिकाणी नोंद बदलते: सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि महापालिकेच्या खात्यावर, म्हणजे पालिकेतल्या मालमत्तेच्या नोंदीत. एकच बदलून लोक निवांत होतात आणि विकायच्या वेळी धावाधाव होते. गावात ही नोंद ग्रामपंचायतीकडे ई-स्वत्तूच्या (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) फॉर्म 9 आणि 11 वर असते. ई-खात्याशिवाय, म्हणजे या नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, आता पुढची रजिस्ट्री होत नाही. सगळ्या भावंडांची नावं लावा. सोयीसाठी एकट्या थोरल्याचं नाव लावलं, तर कायद्याने तो एकटा मालक होत नाही. पण पुढच्या पिढीत नेमकं यावरूनच भांडण होतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो घर कसं वाटायचं यावर. ‘वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला’ एवढंच लिहिलं की जिना कुणाचा? गच्ची, बोअरवेल, शौचालयाची टाकी, मागची मोकळी जागा? वर आणखी मजला चढवायचा हक्क कुणाला? म्हणून इंजिनिअरकडून मोजमापाचा नकाशा काढून घ्या, प्रत्येक भागाला क्रमांक द्या, चतुःसीमा लिहा. जिना आणि पाणी सामाईक ठेवा, आणि दुरुस्तीचा खर्च कोण किती देणार तेही लिहा. वडील हयात असतील तर हे मृत्युपत्रातच येऊ द्या. नसतील तर नकाशा जोडून भावंडांनी वाटणीपत्र रजिस्टर करावं. त्यानंतरच हेस्कॉम या वीज कंपनीकडे वेगळ्या मीटरचा अर्ज द्यावा. एका मीटरवर दोन चुली चालवल्या की दर महिन्याला बिलावरून कुरबुर ठरलेली.

बहिणीला किंवा भावाला वाटा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टरच व्हायला हवं. 100 रुपयांच्या बाँडवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने घरावरचा हक्क सुटत नाही. बहिणीला पैसे देणार असाल तर ते बँकेतून द्या आणि रक्कम कागदात लिहा. तिला न सांगता, घाईत सही घेऊ नका. तो कागद तर टिकत नाहीच, माहेरही तुटतं.

भाऊ पुण्या-मुंबईला असेल आणि त्याच्या वतीने इथे कुणी दस्त सादर करणार असेल, तर साध्या नोटरीचं मुखत्यारपत्र चालत नाही. तो जिथे राहतो तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर ते करून घ्यावं लागतं.

एखाद्याने आपला न वाटलेला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर त्या माणसाला राहत्या कुटुंबाच्या घरात घुसून बसता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. त्या दाव्यात घरच्यांना त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेता येतो. मृत्युपत्राशिवाय आलेल्या घरात सहवारसांना आधी विकत घ्यायचा हक्क असतो, मृत्युपत्राने आलेल्या घरात तो आपोआप मिळत नाही. त्यामुळे ‘विकायचं झाल्यास आधी भावंडांना विचारावं’ हे कलम वाटणीपत्रात मुद्दाम घाला, आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं, किंमत कोण ठरवणार, तेही त्यातच लिहा.