इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

महागडा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, म्हणजे इनपुट निवडण्यापासून स्पीकर चालवण्यापर्यंतचे काम एकाच खोक्यात करणारा ॲम्प, घेणारे बहुतेक जण दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांतच चुकतात आणि नंतर मला विचारतात, केबल कोणती घ्यावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आवाजाची पातळी समान न करता दोन ॲम्पची तुलना करणे. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही. तो अधिक स्वच्छ, अधिक भरदार वाटतो. मी स्वतः यात अडकलो आहे. एका दुकानात दोन ॲम्पवर एकच ख्याल ऐकला, तेव्हा दुप्पट किमतीच्या ॲम्पवर तानपुऱ्याची जवारी इतकी उलगडून ऐकू आली की मी त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम भरली. घरी मात्र जुन्या ॲम्पशेजारी ठेवल्यावर शंका येऊ लागली, म्हणून २०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. दोन्ही नॉब एकाच खुणेवर असूनही जुन्यावर २ व्होल्ट आणि नव्यावर २.२५ व्होल्ट येत होते, म्हणजे सुमारे १ डेसिबलचा फरक. दुकानदाराने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक ॲम्पचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पटीने वाढवायचा हे प्रमाण, वेगळा असतो. पातळी जुळवून, पडद्यामागे पत्नीला तारा बदलायला लावून ऐकले, तेव्हा कोणता ॲम्प चालू आहे हे मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही. तेव्हापासून दुकानात जाताना मल्टिमीटर माझ्या पिशवीत असतो आणि दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आल्याशिवाय मी मत देत नाही. दुकानदार कंटाळतात; कंटाळू द्यावे.

दुसरी चूक वॅटच्या आकड्याला भुलण्याची. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतल्याने जास्तीत जास्त ३ डेसिबल पदरात पडतात, तर ८४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर इतका आवाज काढणाऱ्या) स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी चौपट वॅट लागतात. म्हणून आधी स्पीकर ठरवावा. त्यातही ८ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) असे छापलेला स्पीकर काही कंप्रतांवर ४ ओहमच्या खाली उतरू शकतो आणि तिथे ॲम्पच्या वीजपुरवठ्याचा कस लागतो. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० वॅटच्या जवळ जाणारा ॲम्प मला, ८ ओहमला १५० सांगून ४ ओहमबद्दल मौन बाळगणाऱ्यापेक्षा, केव्हाही अधिक भरवशाचा वाटतो.

तबकड्या ऐकणाऱ्यांनी फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर जोडण्याची जागा) मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुई असलेल्या भागासाठी, आहे की मूव्हिंग कॉइल जातीच्या, हे विचारूनच घ्यावे. क्लास ए ॲम्प, म्हणजे ज्याच्या ट्रान्झिस्टरमधून सतत प्रवाह वाहत असतो असा ॲम्प, बंद कपाटात कोंबू नये. गाणे चालू नसतानाही तो तापतो. घुमणारा हम ऐकू आला की ॲम्पला दोष देण्याआधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी; हम तिच्यातूनही येऊ शकतो.

परदेशातून जुना ॲम्प आणणाऱ्यांची घाई मला विशेष खटकते. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मागील पट्टीवरचा आकडा न वाचता केवळ प्लग बदलून तो भिंतीत लावला की फ्यूज उडतो. इथे थांबले तर ॲम्प वाचण्याची शक्यता असते. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून पुन्हा चालू केलेला एक ॲम्प माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण जळलेला होता.